हवामान माझ्याकडे होतं

"मगदूमवहिनी, तुमच्याकडे हवामान," शिंत्रेबाई म्हणाल्या आणि त्यांनी पटकन नजर दुसरीकडे वळवली.

महिला मंडळाच्या हॉलमध्ये आम्ही सहाजणी रांगेत उभ्या होतो. कारखान्यात नवा बॉयलर बसला होता, पुढच्या आठवड्यात त्याचं अग्निप्रदीपन, म्हणजे तो पहिल्यांदा पेटवायचा समारंभ होता, आणि बॉयलरवाल्या कंपनीचे इंग्लंडचे व्हीलरसाहेब बायकोसकट येणार होते. साहेबाशी बोलायला आमचे नवरे होते. मॅडमशी कोण बोलणार? म्हणून चीफ इंजिनिअर घोरपडेसाहेबांनी फर्मान काढलं, की अधिकाऱ्यांच्या बायकांनी तेवढ्यात इंग्रजी शिकून घ्यावं. जशा काही आम्ही कॉलनीत माश्या मारत बसलो होतो.

शिंत्रेबाई कारखान्याच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायच्या. आठवडाभरात आमच्यापैकी एकीलाही सगळं येणार नाही, हे त्यांनी पहिल्याच संध्याकाळी ओळखलं आणि पंगतीची कामं वाटावीत तसे प्रश्न वाटून टाकले. पोळ्या तू लाट, भात तू बघ, तसं. घोरपडेवहिनींकडे 'गुड इव्हिनिंग, वेलकम'. त्यांच्या शेजारणीकडे नाव. तिसरीकडे 'हाऊ आर यू'. चौथीकडे मिस्टर काय करतात ते. पाचव्या इंगवलेवहिनी, त्यांच्याकडे मुलंबाळं. शेवटची मी. मॅडम रांगेने पुढे सरकतील, एकेकीला एकेक विचारतील आणि जिचा जो प्रश्न असेल तिने त्याचं उत्तर द्यायचं. आम्हाला यात काही खोट दिसली नाही. हळदीकुंकवाला असंच तर असतं, रांगेने.

"आवं बाई, मला तीन पोरं हायती," इंगवलेवहिनी म्हणाल्या. "तिघांची नावं सांगायची व्हय?"

"नाव, वय, इयत्ता. सगळं सांगायचं."

"मग माझंच भाषण हुतंय की! ह्या बाकीच्या काय करणार?"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

मला मुलाबाळांच्या पलीकडे का उभं केलंय ते माझ्या लक्षात आलं होतं. तो प्रश्न इंगवलेवहिनींपाशी संपून जाईल, माझ्यापर्यंत येणार नाही, अशी बाईंनी तजवीज केली होती. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण चांगल्या हेतूने का होईना, कुणी आपल्यावर पांघरूण घातलं की बाकीच्यांना त्याखाली काय आहे याची नव्याने आठवण होते. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. "द वेदर इज व्हेरी प्लेझंट," मी जरुरीपेक्षा मोठ्याने म्हटलं. बाई म्हणाल्या, "छान." एवढं छान कशाला म्हणायचं?

मला मूल नव्हतं. म्हणजे कॉलनीच्या लेखी नव्हतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मिरजेच्या एका दवाखान्यात मला मुलगी झाली होती, दिवस भरायच्या आधीच. आठवडाभर जगली. बारसं व्हायच्या आत गेली म्हणून तिला नाव नव्हतं, आणि जिला नावच नाही तिचा विषय काढायचा तरी कसा, म्हणून तिचा विषयही निघत नसे. पुढे पुन्हा दिवस गेले नाहीत. ह्यांनी जुनी नोकरी सोडून या कारखान्यात शिफ्ट केमिस्टची जागा धरली आणि आम्ही इथे आलो, तेव्हा 'मगदूमांना मूलबाळ नाही' एवढंच इथे सगळ्यांना कळलं. आम्हीही त्यापलीकडे काही कळू दिलं नाही.

आमच्या घरातही तोच नियम होता. हे मुळातच कमी बोलणारे. मिरजेहून परत आलो त्या दिवशी त्यांनी पाळण्याची दोरी सोडली, पाळणा माळ्यावर टाकला आणि कामावर निघून गेले. त्यानंतर आम्हा दोघांत तिच्याबद्दल एक अक्षर झालं नाही. मी वाट बघितली. महिना, वर्ष. मग वाट बघणं सोडलं आणि मनातल्या मनात त्यांना बोल लावू लागले. पुरुषाला काय, त्याच्या अंगावर दूध थोडंच येतं, असं स्वतःशीच म्हणायचे. माझं दुःख मी एकटीने सांभाळलं, आणि खोटं कशाला सांगू, त्याचा मला एक प्रकारचा गर्वही होता.

बाकीच्या पाचजणींची उत्तरंही ऐकून ऐकून माझी पाठ झाली होती. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे, त्यामुळे ऊन असतानाच आमची संध्याकाळची ताटं वाढली जात. हे पाटावर बसून पेपर वाचत होते.

"काय गं, झाली का तयारी?"

"झाली की. द वेदर इज व्हेरी प्लेझंट."

"बास? एवढंच?"

"माझ्याकडे तेवढंच आहे." मी भाकरी तव्यावर टाकली आणि पाठमोरीच विचारलं, "समजा, त्या बाईने दुसरंच काही विचारलं तर?"

"दुसरं काय?"

"म्हणजे, मुलं किती वगैरे. इंग्रज बायका विचारतात म्हणे."

पेपरचं पान उलटल्याचा आवाज झाला.

"नो म्हणायचं," हे म्हणाले. "नो चिल्ड्रन. आणि लगेच हवामानावर यायचं."

भाकरी करपली. त्यांनी ती मुकाट्याने खाल्ली. किती सहज म्हणाले, नो चिल्ड्रन! रात्रभर मी ते दोन शब्द घोळवून बघितले. तोंडात येत होते, बाहेर पडत नव्हते.

अग्निप्रदीपनाच्या दिवशी पूजा झाली, बॉयलर पेटला, टाळ्या झाल्या, आणि अंधार पडता पडता गेस्ट हाऊसच्या हिरवळीवर चहापान सुरू झालं. पुरुष एका बाजूला, आम्ही दुसऱ्या बाजूला रांगेत. सहाजणी सहा भारी साड्यांत. घोरपडेवहिनींनी तर नाकात नथ घातली होती.

व्हीलरबाई साठीच्या, ठेंगण्या, गुबगुबीत. पायात सपाट चपला, आणि चेहरा असा की बघताक्षणी आवडावा. त्या हसत हसत आल्या आणि आमचा सगळा बेत पहिल्या मिनिटात कोसळला. त्या रांगेने आल्याच नाहीत. आधी तिसरीपाशी गेल्या आणि नाव विचारलं. तिसरीकडे नाव नव्हतंच. ती बिचारी म्हणाली, "आय अॅम फाइन, थँक यू." बाई घोरपडेवहिनींकडे वळल्या, "अँड हाऊ आर यू?" घोरपडेवहिनी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "वेलकम!" चौथीला त्या म्हणाल्या की साडी फार सुंदर आहे. चौथीने सांगितलं, "ही इज चीफ अकाउंटंट."

मागे उभ्या शिंत्रेबाईंनी कपाळाला हात लावला. व्हीलरबाईंना मात्र कशाचंच काही वाटत नव्हतं. प्रत्येक उत्तराला त्या "लव्हली, लव्हली" म्हणत होत्या.

मग बशा आल्या. चिवडा, बर्फी, समोसे. पाचहीजणींनी बशा अशा घेतल्या, जशी काही बुडत्याला काडी मिळावी. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही. माझी पंचाईत झाली. दिवस मावळला होता, मी काही खाणार नव्हते. एकटी मोकळ्या हातांनी, मोकळ्या तोंडाने उभी राहिले, आणि अर्थातच बाई माझ्याकडे वळल्या.

"यू आर नॉट ईटिंग, माय डिअर?"

आम्ही अंधार पडल्यावर का जेवत नाही हे इंग्रजीत सांगायला मला दुसरा जन्म घ्यावा लागला असता. "द वेदर इज व्हेरी प्लेझंट," मी म्हटलं.

"इट इज! इट इज लव्हली," त्या म्हणाल्या. माझं काम संपलं होतं. आता त्यांनी पुढे जायला हवं होतं, पण माझ्या पुढे कुणी नव्हतंच. त्या तिथेच थांबल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. "डू यू हॅव चिल्ड्रन?"

इंगवलेवहिनींनी तोंडातला समोसा तसाच गिळला. "आय हॅव थ्री चिल्ड्रन!" त्या मधेच ओरडल्या. बिचाऱ्या. प्रश्न त्यांचा होता, आणि त्यांना मला वाचवायचं होतं.

"थ्री! लव्हली," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा माझ्याकडे बघू लागल्या. "अँड यू?"

गेल्या कित्येक वर्षांत हा प्रश्न मला सरळ कुणी विचारलाच नव्हता. ओळखीचे विचारत नसत, कारण त्यांना माहीत होतं. नव्याने कुणी विचारायला लागलं की शेजारची बाई तिला कोपराने ढोसायची, आणि ती नवी बाई माझ्याकडे कणवेने बघत विषय बदलायची. ही पहिलीच बाई, जिला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं आणि खरोखर ऐकायचं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. नो चिल्ड्रन, मी मनात म्हटलं. नो चिल्ड्रन आणि हवामान.

"आय हॅव वन डॉटर," मी म्हटलं.

"हाऊ लव्हली! व्हॉट इज हर नेम?"

"हर नेम इज चंदना."

हे नाव मी त्याआधी कधीच मोठ्याने उच्चारलं नव्हतं. मिरजेच्या दवाखान्यात, ती काचेच्या पेटीत असताना, मी बाहेर बाकावर बसून ते ठरवलं होतं. बाराव्या दिवशी सगळ्यांना सांगायचं म्हणून ठेवून दिलं होतं.

बोलून गेले आणि भानावर आले. रांगेत कुणाच्या बांगडीचा आवाज नव्हता. घोरपडेवहिनींची बर्फी तोंडापाशीच थांबली होती. शिंत्रेबाई स्वतःच्या पायांकडे बघत होत्या. इंगवलेवहिनी तेवढ्या माझ्याकडे टक लावून होत्या, आणि त्या नजरेत मला स्पष्ट वाचता आलं: आता हिचं डोकं फिरलं. पाचजणींच्या देखत मी, मूलबाळ नसलेली बाई, परक्या मडमेला पोरगी असल्याचं सांगत होते. वर तिला नाव देत होते. त्यांना कुणाला मिरज ठाऊक नव्हती. त्यांच्या दृष्टीने मी धडधडीत थाप मारली होती, तीसुद्धा ज्या गोष्टीची सगळ्यांना कीव यायची तिच्याबद्दल. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आणि तेवढ्यात पुरुषांचा घोळका आमच्याकडे आला. पुढे व्हीलरसाहेब, शेजारी घोरपडेसाहेब, आणि मागे दोघातिघांत हे.

"विच वन इज युवर हजबंड?" बाईंनी मला विचारलं. माझी नजर ह्यांच्याकडे गेली असावी. बाई थेट ह्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमची पत्नी मला तुमच्या मुलीबद्दल सांगत होती," असं काहीतरी त्या इंग्रजीत म्हणाल्या. "चंदना. किती गोड नाव! केवढी आहे ती?"

हे माझ्याकडे बघू लागले. मी मान खाली घातली. तीन-चार साहेब, त्यांच्या बायका, कंपनीचा पाहुणा, आणि या सगळ्यांसमोर मी उघडी पडलेली. आता हे 'नो' म्हणणार. दुसरं काय म्हणतील? खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं, लॅबच्या आकड्यांत एका दशांशाचंही इकडचं तिकडे करणार नाही म्हणून साहेबांशी भांडलेला माणूस. ते 'नो' म्हणतील, बाई गोंधळतील, घोरपडेसाहेब हळूच काहीतरी समजावून सांगतील, बाई "ओ डिअर" म्हणतील, आणि उद्यापासून मला या कॉलनीत मान वर करून नळावरसुद्धा जाता येणार नाही.

"इलेव्हन," हे म्हणाले.

मी वर बघितलं. त्यांनी चष्मा काढला होता आणि रुमालाने पुसत होते.

"इलेव्हन इयर्स. ऑगस्टमध्ये... इन ऑगस्ट, इलेव्हन कंप्लीट," ते म्हणाले. "शी इज इन सिक्स्थ स्टँडर्ड."

घोरपडेसाहेबांच्या कपाळावर आठी पडली. "मगदूम, अहो, पण तुम्हाला..."

"टी!" इंगवलेवहिनींनी बशी ठेवून दिली आणि व्हीलरबाईंचा दंडच धरला. "मॅडम, टी! कम, कम. हॉट टी!" त्यांनी बाईंना ओढतच टेबलाकडे नेलं. जाता जाता बाईंनी मागे वळून ह्यांना विचारलं, ती इथे आहे का, भेटायला आवडेल.

"नो," हे म्हणाले. "शी इज नॉट हिअर."

बाईंना वाटलं, हॉस्टेलला असेल. त्यांनी लांबूनच मला हात केला.

घरी येताना आम्ही मधल्या रस्त्याने आलो, ट्रक उभे करायच्या मोकळ्या मैदानाच्या कडेने. हे दोन पावलं पुढे, मी मागे. लाजेचं असं असतं, की आपल्याबरोबर दुसऱ्यालाही ती चिकटवली हे कळलं की दुप्पट होते. शेवटी मीच म्हटलं, "अहो, चुकलं माझं. चारचौघांत तुमची मान खाली गेली. उद्या साहेब विचारतील."

"विचारू देत."

"काय सांगाल?"

"मुलगी झाली होती म्हणून सांगीन. झालीच होती की."

थोडं अंतर गेल्यावर ते थांबले. मला वाटलं, आता बोलतील, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"चंदना कधी ठेवलंस?"

"मिरजेलाच. तुम्ही औषधं आणायला गेला होता तेव्हा."

"मला बोलली नाहीस."

"बारशाला सांगणार होते."

त्यांनी मान हलवली. "मी पद्मजा म्हणायचो," ते म्हणाले. "मनात. आईच्या नावावरून. जूनमध्ये कॉलनीतली पोरं नवी दप्तरं घेऊन निघाली की बघायचो, आता पहिलीला असती, आता दुसरीला. यंदा सहावीला."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दर जूनला हा माणूस लॅबला जाताना फाटकाशी उगाच रेंगाळायचा आणि मी आतून ओरडायचे, की शिफ्टला उशीर होतोय, काय बघत उभे राहिलाय!

"मग परवा मला नो म्हणायला का सांगितलंत?" माझा आवाज चढला. मलाही तो आवडला नाही, पण अकरा वर्षांचं सगळं त्यात होतं. "इतकं सगळं मनात होतं, तर नो चिल्ड्रन कसं आलं तुमच्या तोंडात?"

ते म्हणाले, "तू कधी नाव काढलं नाहीस तिचं. रडलेली दिसली नाहीस. हसायचीस, भांडायचीस, महिला मंडळात जायचीस. मला वाटलं, तू विसरलीस. दोघांपैकी एकाला तरी विसरता आलं म्हणून मला बरं वाटायचं. ते मोडायला नको म्हणून मी बोलायचो नाही."

तासाभरापूर्वी हिरवळीवर वाटली ती लाज काहीच नव्हती. ती लोकांची होती, आज ना उद्या गेलीच असती. तशी ती गेलीही. इंगवलेवहिनींना मी दुसऱ्याच दिवशी सगळं सांगितलं आणि त्या माझ्याआधी रडल्या. पण त्या मैदानाच्या कडेला मला जी लाज वाटली, ती आज हे नसतानाही जात नाही. मी ज्याला अकरा वर्षं दगड म्हणत आले, तो माझं विसरणं जपत होता.

"पद्मजा चांगलं नाव होतं," मी म्हटलं.

"चंदनाच राहू दे," हे म्हणाले. "आता सगळ्यांना सांगून झालंय."

मग निघताना ते माझ्यासाठी थांबले, आणि राहिलेला रस्ता आम्ही बरोबरीने चाललो.